कोरडा फोन

आमच्याकडे पाहुणे आले की चहाचा पहिला घोट घेऊन होतो न होतो तोच त्यांचा हात खिशाकडे जातो. मग नातवाच्या बारशाचा नाहीतर नव्या बंगल्याचा एखादा फोटो मला दाखवून ते म्हणतात, "तुम्हांलाही पाठवतो हं. जरा नेट चालू करा." मी शांतपणे सांगतो, "आमच्या फोनला नेट नाही." यावर खोलीत जी स्तब्धता पसरते तिची आता मला सवय झाली आहे. पूर्वी एखाद्या जोडप्याला मूलबाळ नाही असे कळल्यावर माणसे ज्या सुरात "असं होय!" म्हणत, त्याच सुरात पाहुणे "असं होय!" म्हणतात आणि विषय बदलून केळीच्या भावाकडे वळतात.

आमच्या फोनला 'कोरडा फोन' हे नाव दिले सौभाग्यवतींनी. खानदेशातल्या गृहिणीचे निम्मे आयुष्य नळ ओला आहे की कोरडा आहे हे पाहण्यात जाते. तेव्हा हे नाव तिच्या तोंडून आपोआपच आले, आणि एकदा आल्यावर ते चिकटले.

हा फोन मुळात आमच्या चिरंजीवांचा. पुण्यास त्याने नवा घेतला आणि जुना आम्हां उभयतांत एक असा जळगावास धाडला. पहिले वर्षभर तो चांगला ओला होता. रोजचे दीड जीबी नेट आणि हवे तितके बोलणे, असा त्याचा खुराक होता. परंतु मी तेहतीस वर्षे शाळेत अंकगणित शिकवलेला मनुष्य. मला कोणतीही गोष्ट भागाकार केल्याशिवाय पचत नाही. पहिली गोष्ट माझ्या ध्यानात आली ती ही की, मोबाइल कंपन्यांचा महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो. अठ्ठावीस तेरे तीनशे चौसष्ट. म्हणजे आमच्या पंचांगात तीन वर्षांनी एकदा अधिक मास येतो, तो त्यांच्या पंचांगात दर वर्षी येतो! पुढे २०२२ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने या कंपन्यांना निदान एक तरी योजना पुऱ्या तीस दिवसांची ठेवा असे बजावले. पण दुकानदार आपल्या हाती देतो ती बहुतेक अठ्ठावीसचीच असते.

दुसरी गोष्ट याहून जिव्हाळ्याची. रोजचे ते दीड जीबी रात्री बारा वाजता संपते. वापरले नाही तर शिल्लक पडत नाही, नाहीसे होते. विद्यार्थिदशेत मी एका खानावळीत महिन्याचे पैसे भरून जेवत असे. तेथेही नियम असाच होता. चुकलेले ताट मागाहून मिळत नसे. त्यामुळे भूक नसली तरी आम्ही जेवायला जात असू. नेटचे माझे तसेच झाले. रात्री साडेदहाला सौभाग्यवती झोपायला जाताना विचारी, "अजून काय पाहताय?" आणि खरे उत्तर असे की, मी काहीच पाहत नव्हतो, उरलेले संपवीत होतो. महिन्याकाठी बेचाळीस जीबी माझ्या ताटात पडत आणि त्यातले चार घासही माझ्या पोटाला लागत नव्हते.

पुढे डिसेंबर २०२४ मध्ये त्याच प्राधिकरणाने नियम केला की, ज्यांना नेट नको आहे त्यांच्यासाठी केवळ बोलणे आणि लघुसंदेश एवढ्यांचेच वेगळे रिचार्ज ठेवावे, आणि तसल्या खास रिचार्जची मुदत नव्वद दिवसांऐवजी वर्षापर्यंत नेण्यास मोकळीक असावी. २०२५ च्या आरंभी तशी रिचार्ज निघाली. चौऱ्याऐंशी दिवसांच्या बोलण्याला साडेचारशेच्या आसपास पडत होते, आणि तितक्याच दिवसांच्या नेटसकट खुराकाला आठशे-साडेआठशे. वर्षाचा हिशेब केला तर दीड हजाराच्या वर रुपये वाचत होते. मी त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. दुकानातल्या पोराने माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या भल्यामोठ्या फोनकडे पाहिले आणि म्हणाला, "काका, नेट नाही तर मग स्मार्टफोन कशाला?"

त्या प्रश्नाचे उत्तर मी त्याला दिले नाही. पण पुढले कित्येक महिने मी ते मनातल्या मनात देत होतो, आणि मला वाटते, बरे देत होतो.

आपल्याकडे पाणी चोवीस तास येत नाही म्हणून कोणी तहानलेला राहिला आहे काय? माझी थोरली बहीण धुळ्यास असते. आठ-आठ दिवसांनी येणाऱ्या पाण्यावर तिने संसार केला, चार मुले वाढवली आणि उन्हाळ्यात आल्यागेल्याला वाळ्याचे पाणी पाजले. तिचे सूत्र एवढेच की, नळ आला की भरून घ्यायचे आणि भरलेले पुरवून वापरायचे. मी तेच सूत्र फोनला लावले. दर रविवारी आम्ही दोघे गणेश कॉलनीत राहणाऱ्या पुतणीकडे जातो. तिच्याकडे वायफाय आहे. सौभाग्यवती तिच्याशी बोलते आणि मी एका कोपऱ्यात बसून भरणे भरतो. आठवड्याची कीर्तने, दोन-चार जुनी नाट्यगीते, वाचण्याजोगे काही, साठलेले निरोप, असे सगळे तासाभरात फोनच्या पोटात उतरते. एकदा खानदेशचा नकाशा उतरवून ठेवला, तो अजून पुरतो आहे. शब्दकोश उतरवला, तो तर जन्माला पुरेल.

मध्येच काही लागले तर स्टेशन आहेच. २०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रलला गुगल आणि रेल्वेची रेलटेल कंपनी यांनी मिळून फुकट वायफाय सुरू केले. पुढे गुगलने २०२० साली अंग काढून घेतले, तरी रेलटेलने ते चालू ठेवले आणि देशभरातल्या सहा हजारांहून अधिक स्टेशनांवर नेले. दिवसाला पहिला अर्धा तास फुकट. आपला नंबर घालायचा, लघुसंदेशाने आकडे येतात, ते भरायचे की झाले. आणि लघुसंदेशाला नेट लागत नाही, ही कोरड्या फोनवाल्याची मोठीच सोय. मात्र हा फुकटचा अर्धा तास मिळवण्यासाठी मी पहिल्यांदा दहा रुपयांचे प्लॅटफॉर्म तिकीट काढले हे सौभाग्यवतीला कळले, तेव्हा अंकगणिताच्या तेहतीस वर्षांचा जो उद्धार झाला तो येथे लिहीत नाही. तेव्हापासून कोणाला तरी गाडीवर पोचवायचे असेल तेव्हाच मी ही चैन करतो. आणि अशा सार्वजनिक पाणपोईवर बँकेचे व्यवहार मात्र कधी करीत नाही.

पैसे देणेघेणे तर नेटवाचून होते हे पुष्कळांना ठाऊकच नसते. फोनवर तारा, नव्याण्णव आणि चौकट दाबली की बँकेची पाटी उघडते, तिला नेट लागत नाही. ही सोय २०१४ पासून देशभर आहे. साध्या फोनवरून नुसते बोलून पैसे पाठवण्याची वाटही रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या मार्चमध्ये खुली केली. एकदा भरिताची वांगी घेताना मी मोठ्या ऐटीत हा प्रयोग केला. एक आकडा दाबा, मग दुसरा, मग त्या बाईंचा नंबर, मग रक्कम. चष्मा पुसेपर्यंत पाटी मिटून गेली. पुन्हा पहिल्यापासून. मागे रांग लागली. शेवटी वांगीवाली म्हणाली, "राहू द्या बाबा, उद्या द्या." पण तिसऱ्या खेपेस पैसे गेले, आणि तिच्या फोनने ते मोठ्याने ओरडून सांगितले.

मला सर्वांत मौज वाटली ती नकाशाची. धुळ्याला जाताना एसटीच्या खिडकीशी बसून मी फोन उघडतो. नेट नसतानाही त्यातला निळा ठिपका पाळधी सोडतो, एरंडोल गाठतो, पारोळ्याच्या वेशीतून पुढे सरकतो. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत आपली वेळ पुकारीत असतात. फोन त्यांतल्या किमान चौघांचे बोल ऐकतो आणि कोणाचा किती उशिरा पोचला यावरून आपण कोठे आहोत हे ताडतो. तो त्यांना काही विचारीत नाही, काही कळवीत नाही. फक्त ऐकतो. म्हणून त्याला पैसेही पडत नाहीत. रेडिओचेही असेच. फोनमधल्या एफएमला कानातली वायर हीच एरियल. दुसरे काही नको. ऐकणे सगळे फुकट आहे, पैसे पडतात ते मागण्याला, असा एक सिद्धान्तच मी या सुमारास बसवला होता आणि येईल त्या पाहुण्याला तो ऐकवीत होतो.

हा सिद्धान्त खरे म्हणजे माझ्या ताईने माझ्यापूर्वी कितीतरी वर्षे अमलात आणला होता.

ताईकडे साधा, बटणांचा फोन आहे. नेट हा शब्दच तिच्या घरात नातवंडांपुरता. १९९५ साली या देशात मोबाइल आला तेव्हा आलेल्या फोनलाही पैसे पडत, ते २००३ साली बंद झाले. आणि तेव्हापासून साऱ्या देशाने मिसकॉल नावाची जी बिनखर्चाची भाषा निर्माण केली, तिच्यात ताई पारंगत आहे. आमचा संकेत असा, रात्री नऊ वाजता तिची एक रिंग. एक रिंग म्हणजे सर्व ठीक आहे, उचलू नकोस. लागोपाठ दोन म्हणजे फोन कर. मेव्हणे गेले त्या वर्षापासून हा क्रम सुरू झाला. आता बोलणे कितीही केले तरी जास्त पैसे पडत नाहीत, हे मी तिला पुष्कळदा सांगून पाहिले. "बोलाचं असलं म्हणजे बोलसूच ना," असे म्हणून ती आपली रिंग देतच राहिली. मीही त्याची गंमत म्हणून पाहुण्यांना गोष्ट सांगे, "आमच्या ताईचा रोजचा तार-टपाल खर्च शून्य रुपये!"

यंदाच्या श्रावणातली गोष्ट. मंगळवार होता. रविवारी भरून आणलेल्यांपैकी एक कीर्तन फारच रंगले होते. मी कानात वायर घालून आरामखुर्चीत पडलो होतो. साडेनऊच्या सुमारास घड्याळाकडे लक्ष गेले. नऊची रिंग झाली नव्हती. ताईला डोळा लागला असेल, असे म्हणून मी उत्तररंग पुढे लावला. बुधवारीही रिंग नाही. फोन उतरला असेल, म्हातारपणी विसर पडतो, असे मनाशी म्हटले. उलट एक फोन करावा, ज्याला पैसेही पडणार नव्हते, हे मला सुचले नाही असे नाही. सुचले, आणि 'उद्या सकाळी करू' यावर मी ते मिटवले.

गुरुवारी सकाळी साडेसहाला पुण्याहून चिरंजीवांचा फोन आला. "बाबा, धुळ्याला पोचलात ना? आत्याचं ऑपरेशन किती वाजता आहे?"

ताई मंगळवारी संध्याकाळी न्हाणीघरात पाय घसरून पडली होती. खुब्याचे हाड मोडले होते. भाच्याने धावपळीत घरच्या ग्रुपवर कळवले. ग्रुपवर सगळ्यांना कळले, सगळ्यांनी हात जोडले, आणि सगळे सगळ्यांना कळले असे धरून चालले. मला कोणी वेगळा फोन केला नाही, कारण मी ग्रुपवर होतोच. फक्त कोरडा होतो.

आम्ही मिळेल त्या एसटीने निघालो. ज्येष्ठ नागरिक म्हणून माझे अर्धे आणि बाईमाणूस म्हणून हिचे अर्धे, अशी दोघांची मिळून एक पूर्ण तिकीट होते, त्याचा विनोद मी दर वेळी करतो. त्या दिवशी केला नाही. निळा ठिपका पाहायचेही सुचले नाही. पारोळ्याच्या पुढे रस्ता संपता संपेना.

दवाखान्याच्या व्हरांड्यात भाचा भेटला. त्याने आपल्या फोनचे नेट मला जोडून दिले आणि माझा फोन थरथरत सुटला. अडतीस निरोप. त्यांत बुधवारी सकाळचा एक होता, "मामा, निघालात का?" आणि रात्रीचा एक, "मामा, आई विचारते आहे." मी भाच्याला म्हणालो, "अरे, आमच्याकडे नेट नव्हतं ना." तो बिचारा ओशाळून म्हणाला, "चुकलंच मामा, फोन करायला हवा होता." सौभाग्यवती शेजारीच उभी होती. ती काही बोलली नाही. माझ्या कानात वायर होती त्या दोन्ही रात्री ती समोर बसून गवार मोडत होती.

ताईला आत न्यायला अर्धा तास होता. मला पाहताच तिने आधी विचारले, "जेवना का रे भाऊ?" मग थोड्या वेळाने, तक्रार म्हणून नव्हे, आपली एक हकीकत म्हणून सांगितले, "फोन घरीच राहिना. पण मी म्हन्तं, रिंग नही गई म्हणजे भाऊले समजी जाई."

रिंग गेली नाही म्हणजे भावाला समजेल. मंगळवारच्या रात्रीपासून गुरुवारच्या सकाळपर्यंत, मोडलेल्या खुब्यानिशी, ती या भरवशावर पडून होती. नेट नव्हते म्हणून मला कळले नाही, ही सबब भाच्याला पटली होती, चिरंजीवांनाही पटली असती. पण जो निरोप माझ्यासाठी होता तो नेटवरून यायचाच नव्हता. तो बिनपैशाचा होता, तो ठरल्या वेळी ठरल्या पद्धतीने माझ्यापर्यंत पोचलाही होता. नऊ वाजता काहीच वाजले नाही, हाच तो निरोप. तो मला ऐकू आला नाही.

ऑपरेशन चांगले झाले. पुढचे पंधरा दिवस आम्ही धुळ्यास राहिलो. रात्री ताईच्या उशाशी बसण्याची पाळी माझी असे. तिच्या घरून तिची जुनी 'गीताप्रवचने' आणली होती. कडा झिजलेली, मेव्हण्यांच्या अक्षरात नाव घातलेली. ती मी तिला वाचून दाखवीत असे. १९३२ साली याच धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार, अठरा अध्याय. सोबत कैदेत असलेल्या साने गुरुजींनी ते शब्द कागदावर उतरवून घेतले, म्हणून आज ते पुस्तक आहे. आणि इकडे जळगावास, आसोद्याच्या बहिणाबाईंना तर लिहिता-वाचताही येत नव्हते. जात्यावर, शेतात त्या गात. सोपानदेवांनी आणि नात्यातल्या एका भावाने ऐकून ऐकून जे टिपून ठेवले, ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह जगापुढे आले. दवाखान्यातल्या त्या रात्री मला पहिल्यांदा जाणवले की, आमच्या खानदेशच्या वाट्याला आलेली ही दोन मोठी पुस्तके ज्यांनी बोलून दिली त्यांची जितकी, तितकीच ज्यांनी कान देऊन ऐकली त्यांची आहेत. ऐकणे फुकट असते, हा माझा सिद्धान्त मी दहा पाहुण्यांना ऐकवला होता. त्याला पैसे पडत नाहीत हे खरेच आहे. पण ते आपोआप होत नाही, हा त्याचा दुसरा अर्धा भाग मी गाळला होता.

जळगावास परतल्यावर चिरंजीवांनी पुण्याहून परस्पर नेटचे रिचार्ज भरून दिले. मी ते अठ्ठावीस दिवस वापरले आणि पुन्हा भरू दिले नाही. पैशाचा प्रश्न नव्हता असे म्हणणार नाही, निवृत्तिवेतनात तो असतोच. पण त्या अठ्ठावीस दिवसांत ग्रुपवर चारशेंच्या वर निरोप आले, आणि त्यांतला एकही असा नव्हता की जो न आला तर कोणाच्या लक्षात आले असते. फोन पुन्हा कोरडा झाला. बदल दोनच केले. ग्रुपवर सर्वांना लिहून कळवले की, काही महत्त्वाचे असेल तर या माणसाला हाक मारावी, लिहू नये. आणि रात्री पावणेनऊ वाजता कानातली वायर काढून मी ती पेटीत ठेवतो. नऊचा गजर लावून ठेवा, असे सौभाग्यवतीने सुचवले होते. मी निक्षून नाही म्हटले. गजर वाजू लागला की वाट पाहण्याचे काम त्याच्यावर पडेल.

ताई आता काठी घेऊन घरात फिरते. भाऊबीजेला आम्ही धुळ्यास जाणार आहोत. एसटी पारोळ्याला थांबली की फोन कर, असे तिने बजावले आहे. त्याप्रमाणे करीन. नेहमीसारखी तीही रिंगच देते, एकच. पण पूर्वी मी ती वाजू देत असे आणि आपले काम करीत राहत असे. परवा मी ती उचलली. पलीकडून क्षणभर काही बोलणेच आले नाही. मग घाबऱ्या आवाजात ताईने विचारले, "काय रे भाऊ, सगळं बरं शे ना?"

"बरं शे," मी म्हणालो. "जेवनी का तू?"